भुकेचं मस्टर

आमच्या सूतगिरणीत रात्रपाळीची जेवणाची सुट्टी होते तेव्हा बाहेरचं जग झोपलेलं असतं. केसांवर कापसाची पिंजण घेऊन आम्ही डबे उघडतो. असंच एकदा रिंग खात्यातला एक जोडीदार सगळ्यांदेखत मला म्हणाला, ‘‘तुमचं बरंय गड्या. धान्य फुकट, शिक्षण फुकट. सरकारचे जावई तुम्ही.’’ मी काही बोललो नाही. बोलायला माझ्याजवळ राग होता, माहिती नव्हती. त्याच्याही घरी रेशनचाच गहू येतो, हे मला सकाळी पाळी सुटल्यावर सायकलवर सुचलं.

एरवी राग आला की मी कविता लिहितो. या खेपेस नाही लिहिली. साप्ताहिक सुट्टीला वाचनालयात जाऊन बसलो. मिळेल ते वाचलं, टिपणं काढली. आणि आज्जीला विचारलं. आज्जी म्हणजे आईची आई, जत तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. ‘फुकट’ हा शब्द ऐकून ती हसली. ‘‘फुकाट? आरं, ह्या हातानं खडी फोडलीया मी. सा दिस फोडायची, मुकादम मस्टरला चारच दिस लावायचा. इचारलं तर म्हनायचा, उद्यापास्नं यिऊ नगंस.’’

हा लेख त्या गायब झालेल्या दोन दिवसांबद्दल आहे. मी कुणी विद्वान नाही. बारावीला गटांगळ्या खाल्लेला सायडर आहे, तुटलेला धागा सांधणं हे माझं काम. पण भुकेच्या इतिहासातही एक धागा आहे आणि तो आपल्या पोरांना कुणी दाखवत नाही, म्हणून लिहितो.

१

भाकरीला तीन नावं असतात. भीक, मजुरी आणि हक्क. पोटात गेल्यावर तिन्हींची चव एकच. पण खाणाऱ्याची मान कशी राहते, हे नावावर ठरतं. हे नाव कोण ठरवतं? आधी कुणाच्या तरी डोक्यात विचार येतो. मग त्या विचाराचा कायदा होतो, कार्यालय होतं, नोंदवही होते. आणि शेवटी ती नोंदवही कुणाच्या हातात आहे यावर सगळं येऊन थांबतं.

सरकारचं अन्नधोरण दिल्लीत सुरू झालं असं पुस्तकात असतं. आपल्या गावाला त्याच्या कितीतरी आधीपासून अन्नधोरण होतं. त्याचं नाव बलुतं. महारानं सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं आणि खळ्यावर उरलंसुरलं धान्य नि दारोदार फिरून शिळी भाकरी घ्यायची. गंमत अशी की या भाकरीला गाव ‘हक्क’ म्हणायचं. वतनाचा हक्क! मागायचा मात्र भिकेसारखा, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून.

बाबासाहेबांनी हा घोळ ओळखला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला पाण्याचा लढा झाला हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टंखरकटं सोडा, असं लोकांना सांगितलं गेलं हे तितकंसं सांगत नाही. मला विचाराल तर ते आपल्या माणसांनी आपलं आपण ठरवलेलं पहिलं अन्नधोरण. पोट रिकामं राहील, पण हे खाणार नाही. पाठोपाठ १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं, कारण नुसत्या निर्धारानं घुगऱ्या शिजत नाहीत. वतन हा कायदा होता, तो कायद्यानंच मोडायला पाहिजे होता. ती वतनं शेवटी खालसा झाली १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे विचारापासून कायद्यापर्यंत तीस वर्षं. आणि बाबासाहेब ते बघायला नव्हते.

२

आता सरकारच्या दारात जाऊ.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद उजाड झालं. पन्नास लाखांच्या वर माणसं मेली असा अंदाज आहे. धान्य नव्हतं का? त्याच काळात हिंदुस्थानातून गहू जहाजात भरून विलायतेला जात होता. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारचा विचार पक्का होता : धान्याच्या बाजारात सरकारनं हात घालायचा नाही, भाव आपोआप धान्य ओढून आणतो. भाव धान्य ओढून आणतो हे खरं, पण ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्याकडं. ज्याचं कामच बुडालं त्या शेतमजुरापुढून ते धान्य गाडीत बसून निघून जातं.

या विचाराचा अंमलदार रिचर्ड टेंपल. त्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. १८७३-७४ ला बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलनं ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती. शाबासकीऐवजी त्याला उधळ्या म्हणून शिव्या पडल्या. तो धडा शिकला. १८७७ ला त्याला पुन्हा दुष्काळावर पाठवलं तेव्हा त्यानं दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली : मोठ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर थोडी चिल्लर. दिवसभर दगड-माती उपसणाऱ्या माणसाला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होते की यावर माणूस जगत नाही. म्हणजे माणूस तोच, हात तेच, वरचा विचार बदलला की बिहारमध्ये जगवणारा दख्खनमध्ये मापात मारायला लागला. पुढं त्याच वर्षी तो आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

पण लोक गप्प बसले नाहीत. घरापासून दूरच्या कामांवर, कमी मजुरीत जायला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी नकार दिला. कामं सोडून दिली. उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. आणि २० एप्रिल १८७७ ला सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या भागातला दुष्काळ आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांनी चालवलेली अन्नकेंद्रं यांचा तो डोळ्यांनी बघितलेला अहवाल आहे. ते पत्र प्रत्येकानं वाचावं. सरकारच्या कागदात आकडे आहेत, त्या पत्रात माणसं आहेत.

एवढी माणसं मेल्यावर सरकारनं स्ट्रेची कमिशन नेमलं. १८८० ला त्याचा अहवाल आला आणि त्यातून १८८३ ला फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळाची संहिता तयार झाली. ही संहिता मी नुसती शिवी देऊन सोडणार नाही. तिच्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं की दुष्काळाची चिन्हं कशी ओळखायची, कुणी कुणाला कळवायचं, कामं कधी उघडायची, मजुरी कशी ठरवायची, ज्याच्यानं काम होत नाही त्याला काय द्यायचं. दया ही साहेबाच्या मर्जीची गोष्ट होती, ती आता नियमात आली. पण त्या नियमाच्या पोटात संशय बसला होता. भुकेला माणूस लबाड असू शकतो, म्हणून आधी ‘चाचणी काम’ काढायचं. कमी मजुरीत जड काम करायला जो येतो तोच खरा भुकेला. मित्रांनो, हा संशय अजून मेलेला नाही. रेशनच्या रांगेत, रोजगार हमीच्या मस्टरवर, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर तोच उभा असतो आणि कागद मागतो.

३

कोड होता, तरी १९४३ ला बंगाल मेला. कसा? कोड लागू करायला दुष्काळ ‘जाहीर’ करावा लागतो. सरकारनं तो जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर कामं काढावी लागली असती, धान्य द्यावं लागलं असतं. पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसं मेल्याचे अंदाज आहेत. कोण मेलं? शेतमजूर मेला, मच्छीमार मेला, गावातला हातावर पोट असलेला मेला. कलकत्त्यातल्या लढाईला लागणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांना मात्र मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हाच हिशेब मांडला : बंगालात धान्य इतकं काही कमी नव्हतं, ते मिळवण्याची माणसांची ऐपत आणि हक्क कोसळला होता.

त्याच १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. गिरणगावातल्या आपल्या आज्या-पणज्यांनी कार्ड हातात घेतलं. ते कार्ड आलं ते शहर शांत राहावं, गिरण्या चालाव्यात म्हणून. पण एकदा कार्ड आलं की त्यावर नाव येतं, आणि नाव आलं की माणूस दुकानदाराला विचारू शकतो, माझं धान्य कुठाय? राज्यकर्त्यानं आपल्या सोयीसाठी काढलेली गोष्ट लोक आपल्या सोयीची करून घेतात. त्यासाठी लागते ती फक्त नोंद.

४

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते १९६५ सालानं. या एका सालाच्या आसपास तीन विचार एकाच वेळी देशात फिरत होते आणि तिघांचं नशीब निराळं झालं.

पहिला विचार दिल्लीचा. १९५६ पासून पी.एल. ४८० करारानं अमेरिकेचा गहू येत होता. आपलं पोट दुसऱ्याच्या बंदराला बांधलेलं. यातून सुटायचं तर शेतकऱ्याला भावाची खात्री द्या, बी-खत-पाणी द्या, धान्य सरकारनं विकत घेऊन कोठारात ठेवा. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ निघालं आणि कृषी मूल्य आयोगही निघाला. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम होते. १९६६ ला मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाचे ढीग लागले. देशाची लाचारी गेली हे खरंच आहे. मी ते नाकारत नाही.

दुसरा विचार आपला. डिसेंबर १९६४ पासून १९६५ च्या सुरवातीपर्यंत कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनाला द्या, किमान वेतनाचा कायदा पाळा, धान्याचं वाटप नीट करा, भाववाढ रोखा या त्यांच्या मागण्यांपैकी काही. नीट बघा. ज्या महिन्यात दिल्लीत धान्याचं कोठार उभं राहत होतं, त्याच महिन्यात कोठार भरणाऱ्यातले सगळ्यात खालचे लोक तुरुंगात बसून विचारत होते, जमिनीचं काय?

तिसरा विचार आपल्या सांगली जिल्ह्यातला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात विसापूरच्या बाजूला एक प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. पुढं यातूनच रोजगार हमी निघाली.

तीन विचारांपैकी पहिल्याला ताबडतोब महामंडळ मिळालं, गोदामं मिळाली, तिजोरी मिळाली. तिसऱ्याला बारा वर्षांनी कायदा मिळाला. दुसऱ्याला आश्वासनं मिळाली आणि काही ठिकाणी सातबारावर न चढलेले गायरानाचे तुकडे.

असं का झालं? पहिल्या विचारात पाण्याखालच्या जमिनीच्या मालकाचा फायदा होता आणि शहरालाही धान्य मिळत होतं. दोघेही बोलणारे, दोघांचंही वजन. दुसऱ्या विचारात गावातल्या मालकाच्या पायाखालची जमीन हलत होती. म्हणून तो तुरुंगात गेला. चांगला विचार आपल्या चांगुलपणावर पुढं जात नाही. त्याला उचलणारे खांदे कुणाचे आहेत, हे बघावं लागतं.

पहिल्या विचाराचा परिणाम जतलाही झाला, पण उलट्या बाजूनं. सरकारनं जोरानं विकत घेतला तो गहू आणि तांदूळ. आमच्याकडं पिकायची ज्वारी आणि बाजरी. तिला भावाची तशी हमी नाही, खरेदीची तशी यंत्रणा नाही. आज्जीच्या चुलीवरची भाकरी हळूहळू चपाती झाली. ज्वारी आता आम्हाला विकत घ्यावी लागते, आणि ती गव्हापेक्षा महाग पडते.

५

मग ७२ आला.

पाऊस सलग हुकला होता. विहिरी तळाला गेल्या. मे १९७३ ला महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे दर दहा माणसांमागं एक माणूस कामावर. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. खायला अमेरिकेची तांबडी मिलो, कामावर पोरांना सुकडी. आज्जी सांगते, ‘‘मिलोची भाकर गिळवत नव्हती, पर मेलो न्हाय.’’

मेलो नाही, हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला बंगाल आठवला. १९७२-७३ चा दुष्काळ भयंकर होता, पण बंगालसारखा मृत्यूचा लोंढा आला नाही. यात सरकारचं काम होतं, आणि सरकारला झोपू न देणाऱ्यांचंही होतं. कामांवर मजुरांचे संप झाले, तहसिलीवर मोर्चे गेले. मुंबईत महागाईविरुद्ध बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढं होत्या. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण पँथरचा इतिहास सांगताना दुष्काळ विसरतो आणि दुष्काळाचा इतिहास सांगणारे पँथर विसरतात. साल एकच होतं. रानात माणसं खडी फोडत होती आणि त्यांचीच पोरं शहरात पोस्टर चिकटवत होती.

विचाराची तयारी झालेली होती. १९७१ ला वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात मांडलं होतं की जमीन सगळ्यांना पुरेल अशी नाही, तेव्हा ग्रामीण गरिबाला कामाची हमी द्या. पागेंची योजना कागदावर तयार होती, ७२ ला ती सुरू पण झाली होती. दुष्काळानं तिला माणसं दिली, मोर्चांनी तिला जोर दिला. १९७७ ला विधिमंडळानं रोजगार हमी कायदा एकमतानं मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. भत्ता होता दिवसाला एक रुपया. हसू नका. त्या एका रुपयात मोठी गोष्ट होती. सरकार पहिल्यांदा कबूल करत होतं की काम न मिळणं ही मजुराची चूक नाही, सरकारची आहे. १८८३ च्या कोडात सरकार ठरवायचं, दुष्काळ आहे की नाही. १९७७ च्या कायद्यात मजूर अर्ज करून ठरवणार होता. संशयाची दिशा उलटली.

आणि पैसा कुठनं? १९७५ ला महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला तो या हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराला हात द्यायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर अजून दोनशे रुपये कापलेले दिसतात. कशाचे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

६

मग ते दोन दिवस कुठं गेले?

पुस्तकातली हमी आणि मुकादमाची वही यांच्यात गेले. कायदा मुंबईत झाला, मस्टर गावात राहिलं. गावात मस्टर लिहिणारा कोण, मोजमाप घेणारा कोण, हे गावाच्या उतरंडीनं ठरवलं. आणि काम कुठलं निघायचं? बांधबंदिस्ती झाली ती ज्याचा बांध होता त्याच्या रानात. पाझर तलावाचं पाणी उतरलं ते तलावाखालच्या विहिरीत, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. १९९० पासून हमीला फळबाग जोडली. कागदावर दलिताला सवलती भरपूर. पण झाड लावायला आधी जमीन लागते. भूमिहीनाच्या हाती आली ती मजुरी, तीही मस्टरवर लागली तेवढीच. मागं उरलेली मालमत्ता मालकाची. कायदा एकमतानं का मंजूर झाला याचं एक उत्तर मला इथं सापडलं.

बाबासाहेबांनी हे आधीच बघितलं होतं. १९१८ ला शेतजमिनीच्या तुकड्यांवर लिहितानाच त्यांनी दाखवलं होतं की तुकडे जोडून रोग जाणार नाही, शेतीवर रिकाम्या हातांचं ओझं आहे ते उद्योगात गेलं पाहिजे. आणि मार्च १९४७ ला संविधान सभेपुढं ठेवलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये तर त्यांनी सरळच मांडलं : शेती राज्याचा उद्योग करा, जमीन राज्याची, ती जातधर्म न बघता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्या, अवजारं-बी-भांडवल राज्यानं पुरवावं. आणि हे घटनेतच लिहा, म्हणजे उद्याचं बहुमत ते पुसणार नाही. मालक आणि मजूर ही फाळणीच उरू नये असा तो हिशेब होता. ते घटनेत आलं नाही. आलं काय? कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, राज्याच्या ऐपतीपुरता. पोषणाची जबाबदारी कलम ४७ मध्ये. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येणार नाही अशा खोलीत.

त्या खोलीचं दार किलकिलं व्हायला पन्नास वर्षं लागली. २००१ ला अन्न महामंडळाच्या गोदामात सहा कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होतं आणि राजस्थानात दुष्काळ होता. लोक स्वातंत्र्य संघटना, म्हणजे पी.यू.सी.एल., सुप्रीम कोर्टात गेली. त्या खटल्यातून शाळेत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश आला. २००४ च्या आदेशात कोर्टानं सांगितलं की स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या. याचा अर्थ ज्याला कळतो त्याला महाड कळलं. त्या आदेशानंतरही कितीतरी गावांत दलित बाईनं शिजवलेलं अन्न पोरांना खाऊ दिलं गेलं नाही. आदेश दिल्लीचा, चूल गावाची.

२००५ ला देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, शंभर दिवसांचा. महाराष्ट्राच्या खडीतून निघालेला विचार देशाचा झाला. २०१३ ला अन्न सुरक्षा कायदा झाला, माणशी महिना पाच किलो. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले. ऐकायला चांगलं. पण प्रत्येक राज्याला किती पैसा, हे केंद्र आधी ठरवणार. बहुतेक राज्यांनी चाळीस टक्के खर्च उचलायचा. आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षातून साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येणार, म्हणजे हंगामात मालकाला मजूर कमी पडू नये. आता इतिहास लावून बघा. काम किती निघणार हे मजुराच्या अर्जानं ठरायचं का वरच्या आकड्यानं, हा १८८३ आणि १९७७ मधला जुना झगडा आहे. आणि मालकाच्या हंगामाची काळजी कायद्यात आली, भूमिहीनाच्या पोटाला कुठला हंगाम असतो?

७

दोन महिन्यांमागं आज्जीबरोबर रेशनच्या दुकानात गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, जुळला नाही. दुसरं बोट, नाही. पुसून पुन्हा, नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘मावशी, उद्या या.’’ आज्जी काही बोलली नाही, आपल्या बोटांकडं बघत बाहेर आली. तिच्या बोटांवरच्या रेघा गेल्यात. कशानं गेल्या ते मी वर लिहिलंय. १९७२ ला ज्या अंगठ्याची शाई मस्टरवर उमटायची, तो आज यंत्राला ओळखू येत नाही. मुकादम बदलला, ‘उद्या’ तोच आहे.

फरक एवढाच की आता मला माहीत होतं. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही अशी केंद्राची सूचना आहे. मी दुकानदाराला ते सांगितलं, आवाज न चढवता. लेखी द्या म्हणालो, धान्य का नाकारलं. त्यानं रजिस्टर काढलं. आज्जीला त्या दिवशी धान्य मिळालं.

म्हणून मित्रांनो, सांगतो. आपण भाषणं चांगली करतो, घोषणा आपल्याइतक्या कुणाला येत नाहीत. पण मस्टर वाचायला शिका. वस्तीत कुणी काम मागितलं तर अर्ज लेखी करा आणि तारखेची पावती घेतल्याशिवाय हलू नका, कायदा जुना असो की नवा. ग्रामसभेत मस्टर मोठ्यानं वाचायला लावा, मेलेल्यांची नावं कशी हजर आहेत आणि जिवंत कसे गैरहजर आहेत ते कळेल. रेशनच्या दक्षता समितीवर आपली बाई बसवा. यात काही रोमांच नाही, फोटो येत नाही. पण बाबासाहेबांनी आयुष्यातली किती वर्षं बिलं, कलमं आणि दुरुस्त्या लिहिण्यात घालवली ते आठवा. ते काम सोडून आपण फक्त जयंतीच्या मिरवणुकीचे झालो, तर हक्काची भाकरी पुन्हा भिकेची व्हायला फार वेळ लागणार नाही. आणि जमिनीचा प्रश्न मिटलाय असं कुणी म्हणालं तर त्याला १९६५ चे तुरुंग दाखवा.

राहिला तो रिंग खात्यातला जोडीदार. पगाराच्या दिवशी मी त्याच्या चिठ्ठीवरच्या दोनशे रुपयांवर बोट ठेवलं आणि ही सगळी कहाणी सांगितली. माझ्या आज्जीची खडी, त्याचे दोनशे रुपये, माझे दोनशे रुपये. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. म्हणाला, ‘‘आमची म्हातारीपण व्हती की ७२ च्या तलावावर. तिचं दिवस कुणी मोजलं असतील?’’

भोंगा झाला, आम्ही आत गेलो. पुढच्या सुट्टीला त्याच्या आज्जीकडं जायचं ठरलंय. वही घेऊन.

जयभीम.